निरगुडसरच्या लग्नातला रुंबा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि माझं शिक्षण चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या, ब्रास बँडवर चालायचं. दोन हजार सालच्या आसपास मंचर-कळंबकडच्या लग्नांत डीजेच्या गाड्या आल्या आणि बँडला कोणी विचारेना. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एकच सुपारी उरली होती, निरगुडसरची. ती फसली तर नाना वाद्यं विकणार होते. मग माझं कॉलेजही तिथंच संपलं असतं.

जुन्नरचे एक चाचा आमच्यात वाजवायचे. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ आणि क्युबाकडचा नाचाचा रुंबा वाजवलेला. कमरेएवढा उंच कोंगा ढोल हातांनी वाजवत त्यांनी आमच्या हलगीवाल्याला तो ठेका शिकवला. "सगळ्यांनी एकदम नाय वाजवायचं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं."

"लग्न हाय चाचा, भजन न्हाई," नाना म्हणायचे. पण दुसरा उपायही त्यांना सुचत नव्हता.

निरगुडसरला लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवाकडे निघाला. पुढे बँड, मागे घोडा. बँड सरकला तरच घोडा सरकणार, आणि बँड सरकणार तो नानांनी हात वर केल्यावर. वेशीपाशी चाचांनी ठेका धरला, हलगी त्यात मिसळली आणि माझी पाळी आली. मी ट्रम्पेटवर नेहमीचंच लग्नातलं गाणं धरलं. पुढे काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सूर गाण्याबाहेर गेले, भटकले, परत आले. म्हातारी माणसंसुद्धा नाचायला लागली. नानांनी हात वर केला, पुन्हा केला. पण सगळे शिकवल्याप्रमाणे माझं ऐकत होते, आणि माझे डोळे मिटलेले होते.

उघडले तेव्हा मुलीचे वडील समोर उभे होते.

"मुहूर्त गेला, राव. माझ्या पोरीचा मुहूर्त तुमी रस्त्यात घालवला."

नानांनी टोपी काढली. "चुकलं, पावणं. अक्षता पडल्यावर तरी वाजवू का?"

"नगं. आता कायबी वाजवू नगा."

"घोडा सुदीक नाचत व्हता," परतीच्या टेम्पोत हलगीवाला म्हणाला. "वाद्यांना गिऱ्हाईक बघतो," एवढंच नाना बोलले.

मंचरच्या अलीकडे लग्नातल्याच एका पाहुण्यानं मोटारसायकल आडवी घालून टेम्पो थांबवला. कळंबचा होता. "भाऊ, पोरानं वाजवलं ते आमच्या लग्नात पायजे. पण वरातीला, अक्षता पडल्यावर. आन जसंच्या तसं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

घरी आल्यावर कांद्याच्या चाळीमागे बसून मी वाजवून पाहिलं. गाणं बोटांत होतं. ते गाण्याबाहेर जाणं मात्र काही केल्या सापडेना.

"तेच परत येत नसतं," चाचा म्हणाले. "दुसरं काहीतरी येईल."

"आणि नाही आलं तर?"

चाचा कोंग्याचे नट आवळत राहिले. वरातीला आठ दिवस होते.