आबांचे गाल

त्या हिवाळ्यात पहिल्या बाळंतपणासाठी मी धुळ्याला माहेरी आले, तेव्हा आबांचा चेहरा पुरणपोळीसारखा गोल झालेला होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझे वडील म्हणजे आयुष्यभर खुंटीला अडकवलेला सदरा. सरकी काढायच्या जिनात, कारखान्यात, कापूस तोलता तोलता त्यांना दमा जडलेला. कापसाचे तंतू छातीत जाऊन बसलेत, असं ते स्वतःच सांगायचे. पाटावरून उठायचं म्हटलं तरी शिट्टी वाजायची. आणि आता हे गाल!

शहरातल्या डॉक्टरांनी दम्यावर तेव्हा नव्यानंच निघालेल्या गोळ्या दिल्या होत्या. त्या सुरू झाल्या आणि आबा पांझरा नदीच्या काठापर्यंत पायी फिरून येऊ लागले. आईनं गोळ्यांची बाटली देव्हाऱ्यात नेऊन ठेवली होती आणि रोज तिच्यावर फूल वाहत होती. मी हसले, तर तिनं मला चांगलंच झापलं.

शेजारच्या अक्का रोज दारातून डोकावून म्हणायच्या, ‘‘लेक उनी नि बापना आंगवर मास चढनं!’’

चढलं होतंच. पण आबा जेवत कुठे होते? ताटावर बसायचे, घास मोडायचे, आणि ‘‘पोट भरनं’’ म्हणून उठायचे. मी शेजारी बसून डिंकाचे लाडू खात असायची, मला लाज वाटायची. आईला वाटे, पोटुशी लेक घरात आहे म्हणून हे आपला वाटा मागे ठेवतात. ती चिडायची. एके दिवशी तिनं परसात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून त्यांच्या आवडीचं भरीत केलं. आबांनी एक घास घेतला, डोळे घट्ट मिटले आणि छातीच्या मधोमध हात दाबून धरला. डोळ्यांतून पाणी आलं.

‘‘तुम्हले काय कमी पडनं?’’ आई म्हणाली. ‘‘मिरच्या तर तुम्हीच निवडी दिन्यात!’’

‘‘घास उतरस नई,’’ आबा म्हणाले. ‘‘पाणी पिवो तरी आग व्हस.’’

आमचा कुणाचाच विश्वास बसेना. एवढे गाल असलेला माणूस उपाशी कसा असेल? खरं सांगते, मलाही वाटलं, म्हातारपणी लाडात आलेत.

शेवटी अक्का पडजीभ उचलायला आल्या. आमच्याकडे घसा दुखला की ठरलेला उपाय तो. अंगठ्याला मीठ लावून त्यांनी आबांचं तोंड उघडलं आणि हात तसाच थांबला. आत पांढरं पांढरं चिकटलेलं होतं. ‘‘दही खाईसन चूळ नई भरी का?’’ त्यांनी विचारलं. दही तर घरात विरजलेलंच नव्हतं. तरी आबांनी बिचाऱ्यांनी उठून चूळ भरली. पांढरं काही गेलं नाही.

मग अक्का आणि आई दोघींचं एकमत झालं, की गोळी गरम पडली. आईनं गोळ्या बंद केल्या. आबांची छाती लगेचच भरून आली. ते उंबऱ्याशी चौकटीला धरून बसले, ओठ निळसर झाले, बोलता येईना. मी फार घाबरले. टांगा बोलावून मी आणि आईनं त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी सुई दिली. श्वास जरा सुरळीत झाला, तसा विजेरीनं घसा पाहिला. पांढरा थर हलकेच खरवडला, तर खाली लालभडक.

‘‘ही बुरशी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘गोळी दमा दाबते, पण शरीराची राखणही ढिली करते. मग ही माजते. बहुतेक खाली अन्ननलिकेपर्यंत गेली असेल, म्हणून घास जळतो.’’

‘‘मग हे गाल?’’ मी विचारलं.

‘‘तेही गोळीमुळेच. ते काही अन्नानं आलेलं बाळसं नाही.’’

‘‘मग बंद केली ते चुकलं कसं?’’ आईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, अशी एकदम बंद केली तर जीवच जाईल, हळूहळूच उतरवायची. थोडी मात्र कायमची लागेल. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘‘बाई, हे औषध आम्हालाही नवंच आहे.’’ त्यांच्या या खरेपणाचा मला तेव्हा रागच आला. तुम्हालाच माहीत नाही, तर आम्ही कुणाला विचारायचं?

घशाला जांभळं औषध लावायचं ठरलं. आबांची जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी दिसायची. गार पेजेवर सुरुवात झाली, मग दूधभात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. गोळी कमी होत गेली तसे गाल उतरले. माझ्या मुलीच्या बारशाला आलेल्या बायका आईला बाजूला घेऊन हळूच विचारू लागल्या, ‘‘यास्ले काय व्हयनं वं? किती वाळी गयात!’’ आणि आबा त्याच वेळी आत बसून पोटभर जेवत होते.

उरलेली गोळी आई रोज सकाळी तळहातावर घेऊन उभी राहायची. एकदा बराच वेळ ती तशीच उभी होती. मी म्हटलं, ‘‘दे ना.’’

‘‘ह्या गोयीमा यास्ना जीव शे का घात शे,’’ ती म्हणाली, ‘‘माले समजस नई, माय.’’

मलाही समजत नव्हतं. आबांनी तिच्या हातातून गोळी उचलली, पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाले, ‘‘तू भाकर टाक.’’

आई रडत रडत चुलीपाशी गेली.