मेश्राम बाईंनी मागितलेली बाई

मेश्राम बाई वाचन तपासायच्या ते कानाने. पोराला खुर्चीजवळ उभं करायचं, मान वाकवून कान त्याच्या तोंडाशी न्यायचा आणि सगळ्या गलक्यात तेवढा एकच आवाज ऐकायचा. मुकुटबनकडच्या आमच्या शाळेत पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. त्यांच्या एका खोलीत नव्वद पोरं. एकदा वाचलेल्याची पाळी पुन्हा यायला पंधरवडा जाई.

"सगळ्यांकडून एकदम म्हणवून घ्या ना, बाई," मी सुचवलं, तर माझ्यावरच घसरल्या.

"साऱ्यायच्या आवाजात न येणारं लेकरू लपून जाते, सर. मंग चौथीत तुमीच त्याले इचारसान, येत काहून नाही म्हणून!"



पहिली-दुसरीला आणखी एक बाई द्या, हे त्यांचं एकच मागणं. आणि दर वर्षी तपासणी यायची ती नेमकी कापूस वेचणीत. कापसाला भाव नव्हता, वेचायला मजूर लावणं कुणाला परवडेना; अख्खं घर पोराबाळांसकट वावरात. अधिकारी अर्धा रिकामा वर्ग बघत आणि म्हणत, "एवढ्याशा पोरांना दोन बाया कशाला?"

एका वर्षी बाईंनी कंबर कसली. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी घरोघर फिरल्या. "एक दिवस कापूस झाडाले राहू द्या, पण लेकरू मले द्या," म्हणत आयांच्या हातापाया पडल्या. दुसऱ्या दिवशी पोरं पार व्हरांड्यापर्यंत बसली होती. बाईंचा इतका आनंदी चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

अधिकारीही चकित झाले. म्हणाले, "भरती बंद आहे, बाई. गावातला बारावी झालेला एखादा पोरगा मानधनावर बसवू."

"पोरं राखाले नाही मांगून राह्यली, सायब, शिकवाले मांगून राह्यली. डी.एड. झालेली बाई द्या."

मी असतो तर पोरगा घेऊन मोकळा झालो असतो. बाई हटल्या नाहीत. मग पोरगाही आला नाही आणि बाईही आली नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला, राग जास्त.

त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात केंद्रप्रमुखांनी आम्हा दोघांना हळूच सांगितलं, की त्यांची जागा भरायची नाही असं वरून ठरलंय. बाईंनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"एक मांगतली होती, सर," त्या मला म्हणाल्या, "होती ते बी नेली."

दुसऱ्या दिवशी पहिली-दुसरीची पोरं पाट्या घेऊन माझ्या वर्गाच्या दारात उभी राहिली. आत बसायला जागा नव्हती.