शिवगंगाकाकूंचं पावणं

शिवगंगाकाकू मला कळलेल्या नाहीत. त्यांच्या घरात वरच्या खोलीत राहते, रोज बोलते, तरी नाहीत.

खोली दाखवताना त्या म्हणाल्या होत्या, "अंडं आणायचं न्हाय. अंड्याचा केकबी न्हाय. तुमच्या मराठ्यांच्यात चालतंय, आमच्या लिंगायतांत न्हाय."

मी मान डोलावली. जिना उतरून आले तर मधल्या खोलीत काचेची टाकी. तिच्यात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा, गोल डोक्याचा मासा येरझाऱ्या घालत होता.

"आणि हा?"

"ते पावणं हाय," काकू म्हणाल्या. विषय संपला.

माझ्या आधी त्या खोलीत विश्वजित राहायचा. नेसरी गावचा मुलगा, इथे एमआयडीसीत नोकरीला. त्याची होसूरला बदली झाली. खोली मिळाली की मासा नेतो, म्हणाला. खोली मिळाली. मासा राहिला. तो पफर जातीचा, गोड्या पाण्यातला. घाबरला की फुगतो. त्याला शंखासकट जिवंत गोगलगाई लागतात, असं विश्वजितनं जाताना बजावलं होतं. काकूंनी ऐकलं आणि स्वतःचा कायदा केला. मेलेलं बाहेरून येऊ दे. घरात जीव मारायचा नाही. मग दुकानातून वाळवलेल्या किड्यांची बरणी यायची आणि पावणं ते पाण्यात मऊ झालेलं खाद्य खायचं.

काकू संकेश्वरच्या पुढच्या खेड्यातल्या. नवऱ्याशी कानडी बोलतात, जगाशी मराठी, आणि दोन्ही मोठ्यानं. भरमाप्पाकाका साखर कारखान्यात फिटर होते, आता पेपर वाचतात. काकू कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात. राजारामपुरीतल्या हॉस्टेलची पोरं दारात उभी राहून नेतात, काकू त्यांना वजनावरून बोलतात. "जेवतोस का नुसता वास घेतोस रं?" रोज सकाळी अंघोळ झाली की त्या गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. तेवढा वेळ घरात आवाज नसतो. तळहात जराही हलत नाही. मी चोरून पाहिलंय.

उन्हाळ्याच्या तोंडाला मासा खाईना. तोंडात घ्यायचा, थुंकायचा. पोट आत गेलं.

"मोना, त्या विश्वजितला लाव गं. तोंड दाखीव त्याला ह्याचं."

मी व्हिडिओ कॉल लावला. विश्वजितनं फोन काचेच्या आणखी जवळ न्यायला लावला.

"काकू, दात वाढलेत ह्याचे. चोचीसारखे. गोगलगाई दिल्या न्हाईत न्हवं?"

"न्हाय."

"मग झिजणार कशानं? आता तोंडच उघडत न्हाय त्याचं. कापायला पाहिजेत, न्हायतर उपाशी मरंल."

"तू ये की मग."

"सुट्टी न्हाय, काकू. तवर टिकायचा न्हाय तो."

मासेवाल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, आम्ही विकतो, दात काढत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते आधी हसले, मग म्हैस असेल तर सांगा म्हणाले. भरमाप्पाकाका पेपरामागून बोलले, "रंकाळ्यात सोडा."

"आणि तितं काय तुमी चारणार हाय त्याला?" काकू म्हणाल्या. "मरायचं असंल तर इतं मरू दे. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची पूजा झाल्यावर आम्ही बसलो. विश्वजित फोनवर होता, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. टाकीतलं पाणी माशासकट पातेल्यात घेतलं. मासा झोपावा म्हणून दाढेला लावायचं लवंगेचं तेल थोड्या पाण्यात घालून बाटली हलवली आणि त्यातलं थेंब थेंब पातेल्यात सोडलं.

"जास्त पडलं तर उठायचा न्हाय," विश्वजित म्हणाला.

मासा आधी तिरका झाला. मग आडवा. माझ्याकडे नखांच्या कडेची कातडी काढायचा छोटा निपर होता. काकूंनी तो उकळत्या पाण्यातून काढून माझ्या हातात दिला.

"घे. तुमच्यात कोंबड्या कापत्यात की."

"काकू, मी मराठीत एम.ए. केलंय."

"मग काय झालं? हात हाईत न्हवं?"

मी मासा धरला. तो गार होता आणि मऊ होता. तोंडापाशी निपर नेला, दात दिसेनात म्हणून मासा वर उचलायला लागले, तर निपर पातेल्याला आपटला.

"पाण्याबाहेर काढू नको!" विश्वजित ओरडला. "हवा गिळली तर फुगंल. लवकर उरका, लई वेळ झोपवून चालत न्हाय."

काकूंनी माझ्या हातातून निपर घेतला. डावा हात पातेल्यात घातला. तळहात पसरला आणि मासा त्यावर घेतला.

त्याच तळहातावर. कपाळावरची विभूती अजून ओली होती.

भरमाप्पाकाकांनी पेपर खाली ठेवला. कानडीत काहीतरी म्हणाले, हळू आवाजात. काकांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. काकूंनीही कानडीतच उत्तर दिलं, वर न बघता. एक छोटं वाक्य. काय ते मला कळलं नाही. काकांनी पेपर पुन्हा उचलला नाही.

हात हलला नाही. वरच्या दाताचं टोक तुटलं. मग खालच्याचं. तांदळाच्या कणीएवढे तुकडे पातेल्याच्या तळाशी गेले.

मासा टाकीत सोडला तर तो तसाच कलला. काकूंनी त्याला बोटांत धरून हवेच्या नळीपुढे नेलं. "ऊठ की रं," त्या म्हणत होत्या. "ऊठ की." किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग एक पर हलला. मग दुसरा.

मी रडले. काकू रडल्या नाहीत.

"काकू," विश्वजित फोनमधून म्हणाला, "आता गोगलगाई द्यायला लागतील बघा. न्हायतर परत हीच पाळी. पटत नसंल तर दुकानात देऊन टाका, ते घेतील."

काकू निपर धुवायला लागल्या. मला वाटलं, संपलं. देतील दुकानात. मी मनात त्यांची बाजूही मांडून ठेवली होती. इतकी वर्षं पाळलेली गोष्ट, एका माशासाठी कशी मोडायची?

संध्याकाळी त्या स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत ओल्या शेवाळात बारक्या गोगलगाई. दुकानातल्या पाणवनस्पतींवर त्या आपोआप वाढतात, दुकानदार फुकट देतो.

काकूंनी डबा टाकीत उपडा केला. "मी सोडल्या," त्या म्हणाल्या. "मारल्या न्हाईत."



मासा एका गोगलगाईभोवती फिरला. थांबला. कट् असा आवाज झाला, काचेतूनही ऐकू आला. काकूंनी डोळे मिटले. पुन्हा कट्. त्यांनी डोळे उघडले.

"काकू, वाईट वाटलं?"

"वाटलं की."

"मग?"

"मग काय? जेवू दे की त्याला."

शंखाचे पांढरे कण वाळूवर पडत होते. मासा पुढच्या गोगलगाईकडे वळला. काकू तिथेच स्टूल ओढून बसल्या, पाहुण्याचं पान संपेपर्यंत यजमानीण बसते तशा. मी त्यांच्याकडे बघत राहिले. काकांनी आतून कानडीत हाक मारली. त्या उठल्या नाहीत.