अहलामचा घोटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इक्बालला नाही — तो माझा नवरा, आणि त्याच्यापासून मी साधी डोकेदुखीसुद्धा लपवत नाही. अम्मीला नाही, ती गेली तेव्हा म्हसळ्याला तिच्या उशाशी मीच बसले होते, खोलीत आम्ही दोघीच, सांगता आलं असतं. दुआला हात उचलले की ओठांपर्यंत यायचं आणि तिथूनच मागे फिरायचं. आज तुमच्यापुढे बसलेय — बघू, जमतंय का.

आधी मी कुठे होते ते सांगते. हा वेळकाढूपणा आहे, मला कळतंय. तरी सांगते.

खमीस मुशैत. सौदी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वाळू येईल. खमीस तसं नाही. डोंगरावरचं शहर, थंडीत स्वेटर लागतो, आणि दरीतून धुकं वर आलं की पुढची गाडी दिसत नाही. तिथल्या एका खासगी हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. इक्बाल मोबाइलच्या दुकानात होता. मग सौदीकरणाचा हुकूम निघाला — मोबाइलच्या दुकानांत यापुढे फक्त सौदी माणसं. त्याच्या कफीलनं — ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या मालकानं — त्याला बसवून चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास, इक्बाल." झालं. त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, माझ्या नोकरीवर आला. सनाचाही — आमची मुलगी, इंडियन स्कूलमध्ये बारावीला. म्हणजे माझी नोकरी गेली की तिघांनी बॅगा भरायच्या, आणि तिची बारावी अर्ध्यावर.

इक्बाल दिवसभर घरात असायचा. भांडी घासायचा, डाळ-भात लावायचा. त्याचं त्याला काही नव्हतं. पण त्याआधी तो खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा. समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळे आपलेच, रत्नागिरी-रायगडकडचे. तो ओढलेला पडदा मला बघवायचा नाही.

आणि अशात आमच्या डिपार्टमेंटला अहलाम आली.

मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, "शमीम, हिला सगळं शिकव. नीट शिकव. मग पुढचं बघू." पुढचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? सौदी बाई तयार झाली की बाहेरची बाई मोकळी. माझ्या खुर्चीत बसणारीला मीच बसायला शिकवायचं होतं.

तिचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. पण अहलामचा राग येत नसे. तिशीची, नवऱ्यानं सोडलेली, पदरात लहान मुलगी. वडिलांकडे राहायची. तिनं घराबाहेर काम करावं हे वडिलांना मान्य नव्हतं. रडून, अबोला धरून तिनं परवानगी मिळवली होती. मला 'उस्ताझा' म्हणायची — शिकवणारी बाई. अर्धं इंग्रजी, अर्धं अरबी बोलायची, आणि मी डब्यात घावणं आणली की पहिला हात तिचा. हात हलका होता तिचा. तिनं पाठीवर हात ठेवला की घाबरलेला पेशंट सैल पडायचा. हे शिकवून येत नाही. मी रोज बघत होते आणि मनात म्हणत होते — आणखी थोडे महिने, मग ही तयार.

आता त्या चालण्याचं सांगते.

आमची मेट्रन मॉइरा स्कॉटलंडची, साठीला टेकलेली. तिच्याकडे म्हणे दरवर्षी शेकडो माणसं जमून कित्येक दिवस चालतात, तळ्यांच्या काठानं, डोंगरांमधल्या हिरव्या खोऱ्यांतून. तळ्याला ती लॉक म्हणायची आणि खोऱ्याला ग्लेन. खमीसच्या आसपासचे डोंगर बघून तिला घरची आठवण यायची. बायकांना असं मोकळ्यावर चालता येण्याचे दिवस तिकडे नुकतेच आले होते. मॉइरानं ठरवलं — हॉस्पिटलमधल्या बायकांनी दोन दिवस चालायचं. पहिल्या दिवशी धरणाच्या पाण्याकाठून डोंगराच्या कड्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी कड्यावरून जुन्या दगडी पायवाटेनं खाली दरीतल्या गावात. हॉस्पिटलनं लगेच होकार दिला. फोटो चांगले येणार होते.

अहलामच्या वडिलांनी सांगितलं, "उस्ताझा शमीम सोबत असेल तर जा."

हे वाक्य मी तुम्हाला सांगणार नव्हते. पण मग बाकीचं सांगण्यात अर्थ काय? ती माझ्या भरवशावर आली होती.

पहिला दिवस फार चांगला गेला. पाणी शांत होतं, केरळच्या नर्सेस गात होत्या, माकडांनी कुणाची तरी पावाची पिशवी पळवली आणि अहलाम अबाया आवरत त्यांच्यामागे धावली. तिचे बूट कोरे होते. मला म्हणाली, "उस्ताझा, एवढं सरळ पुढे-पुढे मी कधी चाललेच नव्हते. आमच्या अंगणाला भिंत आहे." मी हसले. खरंच हसले. त्या दिवशी माझ्या मनात तिच्याबद्दल काही वाईट नव्हतं — निदान मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मॉइरानं मला सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. गळ्यात शिट्टी दिली. कुणाला काही झालं तर जोरात फुंकायची. अँब्युलन्स वर कड्यावर रस्त्यालगत उभी होती. आम्ही बऱ्यापैकी खाली उतरलो की ती लांबचा वळसा घालून गावात येणार होती. अहलाम माझ्यासाठी मागे थांबली. धुकं चढायला लागलं होतं. पुढच्या बायकांचे आवाज येत होते, बायका दिसत नव्हत्या.

आम्ही थोड्याच पायऱ्या उतरलो होतो. तिच्या पायाखालचा दगड सरकला, पाय आत वळला, आणि ती बसली. ओरडली नाही. दोन्ही हातांनी घोटा धरून माझ्याकडे बघत राहिली.

मी खाली बसले. बूट सैल केला, मोजा सरकवला. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर, मागच्या कडेला, अंगठ्यानं दाबलं. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मुरगळला असेल तर तिथे एवढं दुखत नाही. नुसतं दाबल्यावर तिचा श्वास अडकला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिला उभं केलं — पाय टेकवेना. अंगठ्याखाली हाड मोडलंय, हे मला, आत्ता तुम्ही समोर दिसताय, तितकं स्पष्ट कळलं.

वर रस्ता होता. थोडंसं चढायचं. मी तिला पाठीवर घेतलं असतं तरी पोचलो असतो. शिट्टी गळ्यात होती. खाली उतरायचं तर अर्धा दिवस.

ती म्हणाली, "उस्ताझा, मोडलंय का?"

आणि मी — थांबा, हे मला एका दमात सांगू द्या — मी म्हणाले, "नाही गं, नुसती लचक आहे. चाललीस की मोकळं होईल. यल्ला, ऊठ."

का? मी स्वतःला बरीच उत्तरं देऊन पाहिली आहेत. धुकं होतं, घाबरले होते. मॉइराचा कार्यक्रम बिघडला असता. अहलामचे वडील तिला पुन्हा कुठे पाठवणार नाहीत, म्हणून तिच्याच भल्यासाठी. ही सगळी मी नंतर जमवली. त्या क्षणी यातलं काहीच नव्हतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते अगदी थंड होतं, हिशेबासारखं: नुसतं मोडलं तर प्लास्टर, आणि ही लवकरच परत येईल. मोडलेल्या हाडावर चालली तर ते सरकेल. मग ऑपरेशन. मग ही पुष्कळ दिवस येणार नाही.

इतकंच. मला पडदा दिसला, सनाची पुस्तकं दिसली, आणि मी तिच्या बगलेत हात घातला.

अख्खी उतरण ती माझ्या खांद्यावर भार देऊन उतरली. एकदा बांधाच्या भिंतीला टेकून बसलो तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हाही शिट्टी वाजवता आली असती, नाही का? पुढे वळणावर मॉइराची हाक ऐकू आली, "शमीम, सगळं ठीक?" मी ओरडून सांगितलं, "ठीक, हळू येतोय." अहलाम माझी माफी मागत होती — माझ्यामुळे तू मागे राहिलीस, माझ्यामुळे तुझे खांदे दुखतील. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एका घोट्यासाठी इतकं रडायचं नाही, असंही म्हणाले. त्या वाटेवरून वर जाता येईना, खाली जाववेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलेलं वाक्य परत घ्यावं तर घेता येईना. दर वळणावर ते आणखी अवघड होत गेलं. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. तेही मला कळत होतं.

गावात बूट कापून काढावा लागला. मॉइरानं घोटा बघितला, मग मला बघितलं. "वर असताना दाबून पाहिलंस?"

"पाहिलं. तेव्हा काही नव्हतं."

ऑपरेशन झालं. प्लेट बसवली. ऑर्थोपेडिकचे डॉक्टर — आपल्या साताऱ्याकडचे — मला कॅन्टीनमध्ये मराठीत म्हणाले, "अहो, एवढं उतरून यायला नको होतं. वरच थांबवायचं ना." मी म्हणाले, "ती ऐकेना." बघा, तिच्यावरही ढकललं.

तिच्या घरी मी शिरखुर्मा घेऊन गेले. तिच्या आईनं माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. लेकीला खांद्यावर घेऊन डोंगर उतरवणारी बाई म्हणून शेजारणींना माझी ओळख करून दिली. खजूर, कहवा, माझ्यासमोर ठेवलेला सगळ्यात चांगला कप. मी प्यायले. दोनदा प्यायले.

तिची जागा काही महिने धरून ठेवली आणि मग काढून घेतली. नवीन सौदी मुलगी मिळायला वेळ लागला. माझं काँट्रॅक्ट वाढलं. सना पास झाली, पुण्याला शिकायला गेली. इक्बालनं घरोघरी जाऊन मिठाई वाटली, पडदे उघडे टाकून. आम्ही आणखी काही वर्षं राहिलो आणि मग परत आलो. जे वाचवायचं होतं ते वाचलं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्या खोटेपणाचा मला फायदा झाला.

अहलामच्या पायाचा व्यायाम मीच घेतला. तिनं हट्टच धरला होता — उस्ताझाच हवी. महिनोन्‌महिने तो घोटा माझ्या हातात असायचा. पूर्ण वळत नव्हता. पायऱ्या उतरताना ती आधी एकच पाय खाली टाकायची आणि दुसरा त्याच्याशेजारी आणायची. नोकरी गेल्याचं कळल्यावरही आली. वडील आता दुसरीकडे कुठेच काम करू देणार नव्हते, हे तिनंच सांगितलं, भिंतीकडे बघत.

आणि मग एक दिवस, मी तिच्या टाचेखाली हात धरून पाऊल वर ढकलत होते, तेव्हा तिनं विचारलं, "उस्ताझा, वर असताना तुला कळलं नव्हतं ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे स्वच्छ होते. सांगायची हीच वेळ होती. यानंतर वेळ येणार नव्हती, हेही कळत होतं.

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "मला माहीतच होतं. बाबा म्हणतात, एवढी शिकलेली बाई, तिला कळलंच असणार. मी त्यांच्याशी भांडले. दोन महिने झाले, मी त्यांच्याशी बोलत नाही."

मी तिचं पाऊल पुन्हा वर ढकललं. "दुखलं तर सांग," म्हणाले.

तिचे वडील बरोबर होते.