अभिमन्यूची रूम

गेवराईच्या त्रिंबकला साखर नाही, बीपी नाही, गुडघेदुखी नाही. त्याला साडू आहे.

तेलगावचा अभिमन्यू हा तो साडू. दोघांची लग्नं तलवाड्यात एकाच दिवशी, एकाच मांडवात लागली, कारण सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, दोन्ही लेकींचा बार एकदमच उडवून द्यायचं ठरवलं होतं. थोरली सावित्री अभिमन्यूला, धाकटी छबू त्रिंबकला. मांडव एक, आचारी एक, बँड एक आणि परण्याला घोडंही एकच. थोरला जावई म्हणून अभिमन्यू आधी बसला. तो वाजतगाजत मारुतीला जाऊन आला आणि मग त्याच घोड्यावर त्रिंबकला चढवलं. घोडं दमलेलं. पिठाच्या गिरणीसमोर ते जे थांबलं ते काही केल्या हलेना. बँडवाल्यांच्या लक्षातच आलं नाही, ते वाजवत पुढे निघून गेले. नवरदेव मुंडावळ्या बांधून गिरणीपाशी, आणि दळणाला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसतायत. त्या दिवशी त्रिंबकच्या मनाने जे घेतलं ते घेतलंच. आपल्या वाट्याला येतं ते अभिमन्यूचं वापरून झालेलं येतं.

वास्तविक त्याचं वाईट काही चाललेलं नव्हतं. गढीच्या फाट्यावर त्याचं विहिरीवरच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं दुकान आहे. जळालेली मोटार त्याने भरून दिली की शेतकरी चार-सहा वर्षं पुन्हा तोंड दाखवत नाही, असा त्याचा हात. पण अभिमन्यूने ऊसतोडीचं हार्वेस्टर घेतलं की त्रिंबकला जेवण जात नसे. अभिमन्यूने घराला फरशी बदलली की त्याला आपल्या फरशीत खड्डे दिसू लागत. आणि स्वच्छतेचं तर विचारूच नका. तेलगावला सकाळी सातला जा, सावित्रीच्या घरात फरशीत तोंड दिसतं. त्रिंबक सकाळी लवकर दुकानाला निघायचा, आणि एखादे दिवशी पक्कड विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला की घरात कालचा केर तसाच. छबू ओट्यावर हातावर हात धरून बसलेली.

"जरा तुज्या आक्काकडून शीक की," तो म्हणायचा.

"झाडते हो. तुमी निघा आधी. आन् फाट्यावर पोचलात की मिसकॉल द्या."

हा मिसकॉल म्हणजे आणखी एक ताप. दुकानाचं शटर वर करायच्या आधी फोन काढून बायकोला रिंग द्यायची. गिऱ्हाइकं हसायची. पण नाही दिला तर छबू दिवसभर धुसफुसायची, म्हणून तो देत राहिला.

दोन वर्षांपूर्वी कपिलधारच्या बाजूला डोंगराच्या कडेला एक रिसॉर्ट झालं. तिथली रूम विकत घ्यायची नाही, रूमचा आठवडा विकत घ्यायचा. वर्षातला एक आठवडा तुमचा, तोही कायमचा. अभिमन्यूने श्रावणातला पहिला आठवडा घेतला आणि धबधब्यापुढे काळा चष्मा लावून उभा असलेला फोटो स्टेटसला टाकला. त्रिंबकने तो फोटो दिवसातून किती वेळा उघडून बघितला हे छबूला माहीत आहे. चौथ्या दिवशी तो रिसॉर्टच्या मॅनेजरपुढे जाऊन बसला होता.

"आमच्या साडूला जी रूम दिली, तीच पायजे."

"तीच देतो साहेब," मॅनेजर प्रविण म्हणाला. "त्यांच्या पुढचा आठवडा मोकळा हाय."

त्रिंबकने खुशीत सही केली. तीच रूम, तोच पलंग, तोच धबधबा. आता बरोबरी झाली असं त्याला वाटलं. आपण आपल्या हाताने पुन्हा त्याच घोड्यावर चढलोय, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

ते आलं पहिल्याच शनिवारी. नियम असा होता की आधीच्याने अकराला रूम सोडायची आणि पुढच्याला दोनला मिळायची. त्रिंबक बायको, बॅगा आणि चिवड्याच्या डब्यासकट दीडलाच हजर. चार वाजले तरी प्रविणचं एकच पालुपद, "हाऊसकीपिंग चालू हाय साहेब." रूम हातात आली तेव्हा पाच वाजून गेले होते, आणि साफसफाईही घाईघाईत उरकलेली. न्हाणीत ओला टॉवेल, कोपऱ्यात अर्धा साबण, आणि उशीला अभिमन्यूच्या आवळ्याच्या तेलाचा वास. त्या उशीवर त्रिंबकला रात्रभर डोळा लागला नाही.

तसे सगळेच आठवडेवाले कावलेले होते. त्यांचा एक ग्रुप होता, त्यात दर शनिवारी शिमगा चालायचा. कुणाच्या चादरी बीडच्या लाँड्रीतून आल्या नाहीत, कुणाला केस पडलेली गादी मिळाली. त्या भांडणात फक्त अभिमन्यूचा मेसेज वेगळा असायचा. "आमाला तर गेल्या गेल्या रूम तयार. एक नंबर सेवा." पुढे हात जोडलेले. दुसऱ्या वर्षीही हेच झालं, त्रिंबकला पाचच्या पुढे रूम आणि अभिमन्यूची एक नंबर सेवा. त्रिंबकची खात्रीच पटली. साडू मॅनेजरचे हात ओले करतो. इतकंच नव्हे, तर आपण निघालो की मागच्याला तिष्ठत ठेवा असंही सांगून जातो.

हेही त्याने पचवलं असतं. पण दुसऱ्या वर्षी अभिमन्यूने आप्पांना एका दिवसासाठी रूमवर नेलं. आप्पा ऐंशीच्या घरातले, तलवाड्याबाहेर कुठे मुक्काम न करणारे. तिथून आल्यावर वर्षभर ज्याच्या त्याच्यापुढे तेच. "अभिमन्यूच्या रूमवर लई गार वाटतंय बघा. खिडकीतून पाणी दिसतंय." त्रिंबकच्या समोरही हेच. तीच रूम त्याचीही आहे, हे आप्पांना सांगून झालं, फोटो दाखवून झाले. आप्पा म्हणायचे, "हां, अभिमन्यूचीच की ही."

म्हणून या वर्षी त्रिंबकने चंग बांधला. पहिल्याच दिवशी आप्पांना आणायचं, दोन वाजता झाडूनपुसून लख्ख रूममध्ये खिडकीशी बसवायचं आणि त्यांच्या तोंडून एकदा तरी 'त्रिंबकची रूम' म्हणवून घ्यायचं. आठवडाआधी त्याने प्रविणला तीनदा बजावलं. शुक्रवारी पुन्हा बजावलं.

शनिवारी जीप आप्पांना घेऊन दोनच्या ठोक्याला रिसॉर्टवर पोचली, आणि प्रविण म्हणाला, "हाऊसकीपिंग चालू हाय साहेब."

आप्पा ऑफिसातल्या प्लॅस्टिकच्या सोफ्यावर काठी धरून बसले. अडीच झाले, तीन झाले. आप्पांना डुलकी लागून मान एका बाजूला कलली. मग जागे होऊन ते म्हणाले, "गेल्या वर्षी बसावं न्हाई लागलं." साधं बोलणं, मनात काही नाही. पण त्रिंबकच्या अंगाचा तिळपापड झाला.

"किती घेतलेत माझ्या साडूकडून?" तो प्रविणवर ओरडला.

"कुणाचा रुपया घेतला न्हाई साहेब. त्यांच्या आधीचा आठवडा अजून इकलाच न्हाई, रूम रिकामीच आसती. म्हणून त्यांना लगेच मिळती."

हे उत्तर सरळ होतं, पण त्रिंबकला सरळ काही ऐकायचंच नव्हतं. तो तरातरा रूमकडे निघाला. मागून छबू "आवो, थांबा, ऐका की" म्हणत धावत आली, पण तो कसला थांबतोय.

रूमचं दार उघडं होतं. चादरी काढून दाराशी गठ्ठा बांधलेला, बादली भरलेली, आणि साफसफाई करणारी मदिनाबी पायरीवर निवांत पान जमवत बसलेली. केरसुणी भिंतीला उभी. जमिनीवर शेंगांची टरफलं, खेकड्याच्या आकाराचा वाळका चिखल आणि अभिमन्यूच्या बुटांचे ठसे.

"का म्हून बसलाव?" त्रिंबक कडाडला. "माझे सासरे तिकडं ताटकळलेत, आन् तुमी पान खाताव?"

मदिनाबी दचकली नाही. "झाडते ना साब. तेलगावची मंडळी पोचू द्या. पोचल्याचा फोन आला की झाडते."

"कुणी सांगितलं? अभिमन्यूनं सांगितलं ना? बोला!"

मदिनाबीने पान गालात सरकवलं आणि त्रिंबकच्या खांद्यावरून मागे बघितलं. "बाईनंच सांगितलंय. हे तिसरं साल, दर हप्त्याला, म्हंजे तुमच्या हप्त्याला, बाईचाच फोन येतो. आक्का निघाली, आक्काच्या मागं झाडू नका."

त्रिंबक वळला. छबू वाटेवरच्या कठड्याला धरून उभी होती, दमलेली आणि पकडली गेलेली.

माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ घर झाडत नाहीत. मढं उचलल्यावर झाडतात. हे त्रिंबकला काय ठाऊक नव्हतं? त्याच्या आईनेही पाळलं होतं, पण माणूस वेशीबाहेर जाईपर्यंत, फार तर घटकाभर. तेलगावला पोचेपर्यंत? आणि सावित्री काय सरळ घरी जाणारी बाई होती? बीडात बांगड्या भरणार, वडवणीला नणंदेकडे चहा पिणार. आणि तोवर इकडे तो, त्रिंबक, बॅगांवर बसून अभिमन्यूच्या नावाने बोटं मोडणार!

"तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं मला बाहीर बसवलंस. तुजी आक्का नीट पोचावी म्हणून. मी मेलो तरी चालंल. माझं काई न्हाई का तुला?"

हे त्याचं खरं दुखणं होतं. घोड्याचं नाही, हार्वेस्टरचं नाही. आपल्या घरातली बाईसुद्धा आधी त्या घराची काळजी करते, हे त्याला आत्ता दिसलं होतं, आणि ते त्याला सोसवेना.

छबूला असं रागावलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं. "तुमचं काई न्हाई? मंग सकाळी मी ओट्यावर का म्हून बसते? मला हौस हाय केरात बसायची? तुमी त्या हायवेवरनं जाता. ट्रक, टँकर, सगळी वर्दळ. तुमचा मिसकॉल येईस्तोर मी केरसुणीला हात लावत न्हाई. बावीस वर्षं झाली. मोबाइल नव्हते तवा दुकानाच्या शेजारच्याला फोन करून इचारायची. असलं बोलून दाखवायचं आसतं का? शेवटी बोलायला लावलंत."

मदिनाबीने तोंड फिरवलं. त्रिंबक बुटांच्या ठशांकडे बघत राहिला. अर्ध्या वाटेतून पक्कड न्यायला परत आलेल्या सगळ्या सकाळी त्याला आठवल्या. ती ओट्यावर बसलेली, फोन मांडीवर. आणि आपण म्हणत होतो, आक्काकडून शीक.

मग त्याने विचारलं. न विचारता त्याला राहवलंच नसतं. "आन् अभिमन्यूच्या मागं? आक्का थांबती?"

"आक्काकडं कामाला बाई हाय. ती सहाला येती आन् सपासप झाडून जाती. दाजी फाटकात आसले तरी."

त्रिंबकच्या मनात लाज होती, आणि तिच्या बुडाशी, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही होता. तेलगावची ती लख्ख फरशी त्याला पहिल्यांदा जरा उघडी-बोडकी वाटली.

छबूचा फोन वाजला. तिने बघितलं आणि मुकाट्याने त्याच्या हातात दिला. पलीकडे अभिमन्यू.

"छबू, पोचलो बरं का."

"मी हाय, त्रिंबक."

"आं? त्रिंबकराव? सांगा तिला, पोचलो म्हणून. वडवणीला उशीर झाला." मग अभिमन्यू हसला, पण हसण्यात नेहमीचा तोरा नव्हता. "छबू फोन करून इचारती बघा दर वर्षी, पोचले का म्हणून. आक्कासाठीच इचारती, मला म्हाईत हाय. पण बरं वाटतं. मी रात्री-बेरात्री हार्वेस्टर घेऊन फिरतो, आमच्यात कोण इचारतंय? लई नशीबवान हाव तुमी."

हे वाक्य ऐकायला त्रिंबक बावीस वर्षं तडफडला होता. अभिमन्यूच्या तोंडून, स्वच्छ, विकत न घेता. स्टेटसला टाकण्यासारखं वाक्य. त्याने कल्पना केली होती की असं कधी ऐकलं तर आपण फटाके लावू. प्रत्यक्षात त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पोचल्यावर आमाला कळवत जा," तो म्हणाला. "दर वेळेला. हार्वेस्टर घेऊन गेला तरी."

फोन ठेवून तो मदिनाबीला म्हणाला, "झाडा आता." तिने केरसुणी उचलली. छबूने पदर खोचून चादरीचं एक टोक धरलं, दुसरं त्रिंबकने धरलं. आवळ्याच्या तेलाची उशी त्याने स्वतः बाहेर नेऊन टाकली, तेवढं मात्र त्याच्याने सोडवलं नाही.

पाच वाजून गेल्यावर आप्पांना हाताला धरून रूममध्ये आणलं आणि खिडकीशी बसवलं. समोर पाणी कोसळत होतं. आप्पांनी काठी मांडीवर आडवी घेतली, समाधानाने डोळे मिटले, उघडले.

"अभिमन्यूच्या रूमला औंदा लई उशीर झाला बघा," ते म्हणाले.

छबूने चटकन नवऱ्याकडे बघितलं. त्रिंबक आप्पांच्या पायाशी बसला.

"व्हय आप्पा," तो म्हणाला. "त्याला घरी पोचायला येळ लागला."