स्वतःबद्दल दोन पानं

तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते चहाच्या वेळेला घरी चालत येतात. आमच्या मेहकरात हल्ली ते ‘एसओपी’ घेऊन येतात. म्हणजे पदव्युत्तर प्रवेशासाठी स्वतःबद्दल दोन पानं लिहायची: मी कोण, मला हेच का शिकायचंय आणि तुम्ही मलाच का घ्यावं. यंदा जानेफळच्या एकट्या गौरीने माझ्या डोक्याचा पार भुगा केला!

*

पोरगी हुशार. बीएस्सी ॲग्रीला कॉलेजात पहिली. तिला हैदराबादच्या एका विद्यापीठात बियाणेशास्त्रात एमएस्सी करायची होती. पहिला मसुदा आणला. सगळ्यात वर गणपती. खाली जन्मवेळ, उंची, वर्ण गव्हाळ, मामांचं गाव हिवरा आश्रम!

“अगं, हा लग्नाचा बायोडाटा आहे!”

“बाबानं सांगितलं सर. समोरच्याले घराण्याची माहिती पायजे म्हणे.”

मी गणपतीला नमस्कार केला आणि कागद परत दिला.

*

पुढच्या वेळी ‘मलाच का घ्यावं’ या प्रश्नाखाली कोरी जागा.

“हे काऊन रिकामं?” वैतागून मीही वऱ्हाडीवर आलो.

“आपणच आपलं कसं सांगू सर? दुसऱ्यानं सांगावं लागते ते. लोक म्हणतीन, पोरगी आगाऊ हाये!”

“लोक वाचणार नाहीत गं! विद्यापीठ वाचणार आहे!”

“तिथं लोकच असतीन ना सर?”

*

ती सांगेना, म्हणून सांगणारे आले. आई, आत्या आणि शेजारच्या शबाना चाची माझ्या घरी ठाण मांडून बसल्या.

“उलटून बोलत नाही, हे लिवा,” आई म्हणाली.

“भाकर कशी गोल करते!” आत्या.

“गुस्सा तो बिलकुल नहीं, सर. ये जरूर लिखो!” चाची.

“अहो, विद्यापीठाला सून नकोय!”

“मंग काय पायजे त्याइले?” आत्याने विचारलं. मी आत जाऊन पाणी प्यालो.

*

मग तिच्या चुलतभावाने मोबाईलमधल्या एआयकडून लिहून घेतलं. इंग्रजी एकदम झकास! ‘लहानपणी समुद्रकिनारी फिरताना मला बियाण्यांचं कुतूहल वाटू लागलं.’

“गौरे, जानेफळला समुद्र कधी आला?” शेवटची तारीख तोंडावर आलेली. माझा संयम संपला. “तुला खरंच जायचंय का? नसेल तर माझा जीव खाऊ नकोस!”

तशी तीही भडकली. बिलकुल गुस्सा नसलेली पोरगी! “जायचंच हाये सर! शाळेत होती तवापासून आमच्या वावरातल्या शेडनेटमध्ये मिरचीच्या एकेका फुलाले हातानं पराग लावून राह्यली मी. बियाणं आमच्या हातचं अन् वाण कंपनीचा! मले माह्या हातचा वाण काढायचा हाये!”

“बाई गं, हेच लिही!”

तिने ते लिहिलं, आणि छान लिहिलं. ‘मलाच का’ खाली मात्र एकच वाक्य: ‘ते आपणच ठरवावे, ही नम्र विनंती.’ मी कपाळावर हात मारला आणि तसंच पाठवून दिलं.

*

निवड झाली! मी पेढे घेऊन जानेफळला गेलो, तर तिचे वडील, भास्करराव, गंभीर.

“होकार त्याइचा आला सर. आपला कुठं आला? स्थळ पाह्यल्याबिगर पोरगी कशी पाठवू?”

प्रवेश घ्यायची मुदत संपत आलेली आणि यांना स्थळ पाहायचंय! त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर पोरीचं सगळंच बुडालं असतं. काढली मग जीप. गौरीबरोबर मलाही कोंबलं.

हैदराबादला भास्कररावांनी परवानगी काढून होस्टेलचे नळ सोडून पाहिले. मेसची डाळ चाखली. गेटचं कुलूप ओढून पाहिलं. चेहऱ्यावर काहीच दिसेना. गौरीचा जीव टांगणीला. शेवटी विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर त्यांनी नारळ ठेवला.

“पसंत हाये,” एवढंच म्हणाले.

बाईंना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी नारळाकडे पाहिलं, मग गौरीला इंग्रजीत विचारलं, “काय म्हणतात वडील?”

गौरीने ओढणी सारखी केली आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, “ते म्हणतात, माझ्यासारखी विद्यार्थिनी तुम्हाला शोधून सापडणार नाही!”