जोगळेकरांच्या कपाटातला कादंबरीकार

कंपनीविरुद्ध मी लिहिलेलं पत्रक हातात पडलं की क्वेसी आधी कानावरची पेन्सिल काढायचा. 'रक्तपिपासू', 'अमानुष', 'राक्षसी' हे माझे लाडके शब्द एकेक करून खोडायचा. "राग नंतर," म्हणायचा. "आधी नाव लिही. कुणाचा पासपोर्ट, कुणाच्या कपाटात?"

क्वेसी घानाचा. नावावर दोन कवितासंग्रह, एक कादंबरी, व्हिसावर 'स्टोअरकीपर'. बहारीनमध्ये, मनामातल्या आमच्या कंपनीच्या गोदामात तो नळाचे वॉशर मोजायचा आणि रद्द पावत्यांच्या पाठीवर दुसरी कादंबरी लिहायचा. मी तिथेच क्लार्क.

आमचे ॲडमिन मॅनेजर जोगळेकरकाका पुण्याचे, म्हणजे रसिक असणारच. मनामाच्या माहूज भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर दर महिन्याला काव्यवाचन. कवितेत 'स्वातंत्र्य' आलं की काकांचे डोळे भरून यायचे. ज्या खिशातून रुमाल निघायचा, त्याच खिशात ऑफिसच्या कपाटाची किल्ली. कपाटात आम्हा चाळीस जणांचे पासपोर्ट.

दुसरी कादंबरी लंडनच्या प्रकाशकाने घेतली आणि प्रकाशनाला बोलावलं. क्वेसीने काकांच्या केबिनमध्ये जाऊन दहा दिवसांची रजा नि पासपोर्ट मागितला. सोबत मीही गेलो.

"हा कसला लेखक?" काका मला मराठीत म्हणाले. "हा काळा परत आला नाही तर स्टॉक कोण मोजणार, तू?" मग त्याच्याकडे वळून, मधाळ इंग्रजीत, पुढच्या महिन्यात बघू, इंशाल्ला.

जिन्यात मी भाषांतर करायला गेलो, तर क्वेसीने थांबवलं. "सहा वर्षं ऐकतोय. सूर पाठ आहे."

प्रकाशन त्याच्याविना झालं. त्या दिवशी तो अर्ध्या इंचाचे वॉशर मोजत होता. वर्षअखेर करार संपला, तेव्हा कुठे पासपोर्ट मिळाला. तोही विमानतळावर, कंपनीच्या ड्रायव्हरच्या हातून. क्वेसीने उघडून स्वतःचा फोटो पाहिला. "बरा होता हा मुलगा," म्हणाला आणि गेला.

पुढच्या वर्षी त्याचं नवं पुस्तक काकांच्या नावाने पोस्टाने आलं. अर्पणपत्रिकेत स्वतःचं नाव दिसताच काकांनी पुढचं वाचायची तसदी घेतली नाही. काव्यवाचनात पुस्तक फिरवलं. "लंडनला छापलंय. आपल्याच हाताखालचा."

पुस्तक हातोहात फिरलं. ज्याच्या हाती येई, तो अर्पणपत्रिका वाचून ते घाईने पुढे सरकवी. शेवटी ते आमचे रत्नागिरीचे फोरमन सलीमभाई यांच्याकडे आलं. त्यांनी ती ओळ सावकाश, मराठी करून वाचली: "श्री. जोगळेकर यांस, ज्यांनी सहा वर्षं माझा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवला."

तीन वर्षं पत्रकं वाटून मला अशी शांतता कधी जमली नव्हती.

"काका," सलीमभाई म्हणाले, "माझा पण तिथंच हाय ना?"

काकांनी रुमालासाठी खिशात हात घातला. किल्ली वाजली.